एकदा शिकवून भागत नाही



तीस पाढे मुलाला एकदा म्हणता आले म्हणून गुरुजी थांबत नाहीत. सोमवारी पाठ झालेला पाढा शनिवारी अडतो, हे त्यांना ठाऊक असते. म्हणून शाळेत उजळणी असते. पण गावातल्या लहान पोरांचा आणि बाळंतिणींचा जीव ज्या आरोग्यसेविकेच्या हाती असतो, तिची उजळणी कोण घेते? आपल्याकडे गेल्या पन्नाससाठ वर्षांत या प्रश्नाला जी वेगवेगळी उत्तरे मिळाली, त्यांची हकीकत आज सांगायची आहे.

ही हकीकत जामखेडपासून सुरू करू. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. पाऊस बेताचा आणि दुष्काळ नेहमीचा. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तेथे आले. त्यांनी आधी शिकलेल्या नर्स खेड्यांत ठेवून पाहिल्या. पण परक्या गावात एकट्या मुलीने राहायचे कसे? आणि गावच्या बायका तिच्यापाशी मन मोकळे करणार कशा? ते जमेना. तेव्हा असे ठरले, की गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यावी.

निवडून आलेल्या बायकांपैकी पुष्कळजणी निरक्षर होत्या. कित्येक दलित समाजातल्या होत्या. आता तुम्ही म्हणाल, अशा बाईला वैद्यकी शिकवायची तरी कशी? युक्ती साधी होती. सगळे एकदम शिकवायचे नाही. बायका दर आठवड्याला जामखेडला येत आणि रात्री मुक्कामाला राहत. एकत्र जेवत, एकाच खोलीत निजत. जातीचा विटाळ मानणाऱ्या त्या काळात हाही एक धडाच होता. चित्रे दाखवून, गाणी म्हणून, प्रश्न विचारून थोडेथोडे शिकवले जाई. गावी जाऊन ते करून पाहायचे आणि पुढच्या आठवड्यात काय घडले ते सांगायचे. कुणाचे पोर जुलाबाने सुकले, कुणी गरोदर बाई पोटभर जेवायला तयार नव्हती, कुणी लस टोचून घेईना. बायका गावाकडून अशा अडचणी घेऊन येत आणि पुढचा पाठ त्या अडचणीवरच होई. एकीने काढलेला मार्ग दुसरीला उपयोगी पडे.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी चालवलेल्या आरोग्यकार्यांवर एक पुस्तक काढले. त्यात जामखेडची हकीकत होती. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच सुमारास सरकारनेही पाऊल उचलले. २ ऑक्टोबर १९७७ रोजी देशभरची योजना सुरू झाली. हजार वस्तीमागे एक आरोग्यरक्षक, तीन महिन्यांचे शिक्षण आणि पुढे महिना ५० रुपये मानधन. हेतू चांगला होता, यात शंका नाही. पण तीन महिने संपले, औषधांची पेटी हातात आली, आणि शिकवणाऱ्याचे काम तेथेच संपले. पुन्हा बोलावून शिकवण्याची, गावी जाऊन चुका दाखवण्याची व्यवस्था बहुतेक ठिकाणी तोकडी पडली. सुरुवातीला निवडले गेले तेही बहुतांशी पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत त्यांना शिरकाव कोठून मिळणार? योजनेची नावे बदलली, पुढे स्त्रियांना प्राधान्य द्यायचेही ठरले. पण योजनेत जीव राहिला नाही, आणि २००२ साली केंद्राने मदतीचा हात काढून घेतला. पी हळद अन् हो गोरी, असे या कामात होत नाही.

उजळणी केवळ विसरू नये म्हणून नसते, बरं का. विद्याच पुढे सरकते. जुलाबाचेच घ्या. मीठ-साखरेच्या पाण्याने मरणारी माणसे वाचतात, हे १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी दाखवून दिले. पुढे २००२ साली त्या पुडीतले क्षारांचे आणि साखरेचे प्रमाण कमी झाले. २००४ साली जोडीला जस्ताच्या गोळ्या द्याव्यात, असे सांगण्यात आले. ज्याचे शिक्षण १९७७ सालीच थांबले, त्याला यातले काय कळणार?

आता गडचिरोलीकडे वळू. तेथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९५ सालापासून ३९ गावांतल्या थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. येथेही पायरीपायरीने. पहिल्या वर्षी बाळ पाहायचे, वजन करायचे, श्वास मोजायचे, लिहून ठेवायचे. हात बसल्यावर पुढच्या वर्षी आजारी बाळाचे उपचार, जंतुदोषावर इंजेक्शनसुद्धा. दर पंधरवड्याला डॉक्टर गावात जाऊन नोंदी तपासत आणि चुकले तेथे समजावून देत. शेजारच्या, हे काम नसलेल्या गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी भरले. १९९९ साली हे जगापुढे आले आणि २०११ पासून देशभरच्या आशाताईंकडे हे काम सोपवले गेले.

आशा योजना २००५ सालची. तिच्या मूळ सूचना लिहिणाऱ्यांना मागचा अनुभव ठाऊक असावा असे वाटते. पहिल्या वर्षी टप्प्याटप्प्याने २३ दिवस शिक्षण, आणि त्यानंतर दर दोन महिन्यांनी दोन दिवस उजळणी, असे त्यांत लिहिले होते. त्या दिवसांची मजुरी बुडते म्हणून भत्ताही सांगितला होता. कागदावरची ही उजळणी प्रत्यक्षात होते की नाही, यावरच सारे अवलंबून आहे. उजळणीचा दिवस रद्द झाला किंवा नुसते फॉर्म भरण्यात गेला, तर १९७७ ची गोष्ट पुन्हा घडायला वेळ लागणार नाही.

म्हणून गावकऱ्यांना आणि विशेषतः शिक्षकबंधूभगिनींना एक विनंती. आशाताई तालुक्याला शिकायला गेली, तर ‘काम टाकून गेली’ असे म्हणू नका. परत आल्यावर विचारा, ‘ताई, या खेपेला नवीन काय शिकलात?’ तिला ग्रामसभेत चार शब्द बोलू द्या. शाळेतल्या मुलांपुढे बोलवा. दुसऱ्याला सांगितल्याने तिचा धडा पक्का होईल. आणि सहा महिन्यांत तिला एकदाही शिकायला बोलावणे आले नसेल, तर ते का आले नाही, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. तो विचारण्याचा हक्क गावाचा आहे. कारण तिचे शिक्षण थांबले, तर त्याची झळ आपल्याच घरातल्या पोराला लागते.