आगगाडीतील मैफल

जुन्या, नटविलेल्या डब्यांत बसावे, पियानोच्या सुरांत सावकाश जेवावे, अशी हौस पुरविणारी ‘व्हेनिस सिम्प्लॉन-ओरिएंट एक्सप्रेस’ १९८२ मध्ये सुरू झाली. पण मला मोल वाटते ते मूळच्या गाडीतील पंगतीचे.

४ ऑक्टोबर १८८३ रोजी ती पॅरिसहून कॉन्स्टँटिनोपलच्या वाटेने समारंभाने निघाली. बेल्जियमच्या जॉर्ज नागेलमाकर्सने तिला भोजनाचा डबा जोडला होता. एरवी उतारूंनी स्टेशनावर उतरून घाईघाईने चार घास गिळायचे! हंगेरीत जिप्सी वादकांचा ताफा गाडीत चढला आणि मैफल रंगली. त्यांनी फ्रान्सचे राष्ट्रगीत छेडताच आचारी स्वयंपाक टाकून आला आणि छातीवर हात ठेवून गाऊ लागला.

ती गाडी ज्या देशांतून गेली, तेच देश १९१४ मध्ये एकमेकांवर तोफा डागू लागले. लक्षावधी तरुण मातीआड झाले. अखेर ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्धविरामाच्या सह्या झाल्या, त्या नागेलमाकर्सच्याच कंपनीच्या २४१९ क्रमांकाच्या, मूळच्या भोजनडब्यात! १९४० मध्ये हिटलरने सूड म्हणून फ्रान्सला त्याच डब्यात सही करावयास लावली.

त्या सह्यांपेक्षा मला त्या आचाऱ्याचे गाणे मोठे वाटते.