पाऊलवाटेचा हक्क

इंग्लंडातल्या माणसाला सुटीत काय करतोस असे विचारले, तर पुष्कळदा उत्तर येते, ‘चालायला जातो.’ पाठीला पिशवी, पायांत जाड बूट, हातात नकाशा. आणि माळावरून नाहीतर समुद्राच्या कड्याकडेने दिवसभर पायपीट! ना देवदर्शन, ना बाजारहाट. आपल्याला याची गंमत वाटेल. पण ही चालण्याची मुभा तिथल्या लोकांना सुखासुखी मिळालेली नाही. तिच्यासाठी माणसे तुरुंगात गेली आहेत.

तिकडे उंचावरच्या ओलसर, दलदलीच्या माळरानाला ‘मूर’ म्हणतात. शेती तिथे पिकत नाही. हीदर नावाचे खुरटे झुडूप मात्र माजते, आणि ऑगस्टात सारा माळ जांभळ्या फुलांनी भरून जातो. पूर्वी यांतले कितीतरी माळ गावाच्या गायरानासारखे होते. गावकऱ्यांनी गुरे चारावीत, जळण आणावे. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटाने कायद्यांमागून कायदे करून अशा जमिनींना कुंपणे घालू दिली आणि त्या खासगी मालकीच्या झाल्या. मालकांनी तिथे ग्राउज नावाचे तित्तिरासारखे पक्षी शिकारीसाठी राखले. पक्षी बुजू नयेत म्हणून रखवालदार नेमले आणि लोकांना मज्जाव केला.

आता मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे शहर आणि शेफील्ड हे पोलादाचे. दोहोंच्या मध्ये किंडर स्काउट नावाचे ६३६ मीटर उंचीचे पठार आहे. आठवडाभर धुरात राबणाऱ्या कामगाराला रविवारी ते डोळ्यांना दिसे, पण त्यावर पाय ठेवता येत नसे. माळ मोकळे करावेत अशी मागणी जुनीच होती. जेम्स ब्राइस यांनी १८८४ साली स्कॉटलंडातल्या डोंगरांसाठी तसे विधेयकही मांडले होते. ते मंजूर झाले नाही.

शेवटी २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, सुमारे चारशे तरुण हेफील्ड गावाहून निघाले आणि बंदी मोडून किंडरवर चढले. पुढारी होता बेनी रॉथमन, वय अवघे वीस! वर रखवालदारांशी झटापट झाली. परतताना पोलिसांनी काहींना पकडले. आता गंमत पाहा. नुसते दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे हा तिथे फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून खटला भरला तो दंगलीचा आणि बेकायदा जमावाचा. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली; रॉथमनला चार महिने.

चालणाऱ्यांच्या जुन्या संघटनांना हा मार्ग पसंत नव्हता. अर्ज-विनंत्यांनीच काम होईल, असे त्यांचे म्हणणे. या एका मोर्चाने नेमके किती साधले, यावर आजही मतभेद आहेत. पण शिक्षा ऐकून लोक हळहळले आणि प्रश्न घरोघरी पोचला, एवढे खरे.

युद्धानंतर मजूर पक्षाचे सरकार आले आणि १९४९ साली कायदा झाला. त्याने राष्ट्रीय उद्याने दिली. किंडरचा मुलूख १९५१ साली पहिल्या उद्यानात आला. पण माझ्या मते त्या कायद्यातले खरे मोलाचे काम दुसरेच. प्रत्येक परगण्याने आपल्याकडच्या वहिवाटीच्या पाऊलवाटा शोधून नकाशावर नोंदवाव्यात, असे त्याने ठरवले. त्या कामी तिथल्या ग्रामपंचायतींची मदत घेण्यात आली. कोणती वाट कुठून कुठे जाते, कोण केव्हापासून तिने येतेजाते, हे गावाशिवाय कोण सांगणार? नकाशावर वाट एकदा पक्की नोंदली गेली, की मालकाला ती मनास येईल तेव्हा बंद करता येत नाही.

मग लांब वाटा आल्या. टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने १९३५ साली सुचवलेली पेनाइन वाट तीस वर्षांनी, १९६५ साली, खुली झाली. तारीख पुन्हा २४ एप्रिलच! लांबी सुमारे ४३० किलोमीटर. १९६९ साली क्लीव्हलंड वाट आली. ती आधी यॉर्कशायरच्या माळांच्या कडेने जाते, मग सॉल्टबर्नपाशी समुद्राला भिडते आणि कड्यांवरून व्हिटबी, स्कारबरो करीत फायलीला पोचते. नैर्ऋत्य किनाऱ्यावरची हजार किलोमीटरची वाट तर चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या तटरक्षकांच्या गस्तीतून घडली. ज्या कड्यावर पहारेकरी फिरत, तिथे आज लेकुरवाळी कुटुंबे शिदोरी सोडून बसतात.

वाट सोडून माळावर मनसोक्त हिंडण्याचा हक्क मात्र २००० सालच्या कायद्याने मिळाला, आणि तोही नकाशात दाखवलेल्या मोकळ्या जमिनीपुरता. २००२ साली किंडरच्या मोर्चाला सत्तर वर्षे झाली, तेव्हा डेव्हनशायरच्या ड्यूकनी आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. रॉथमन त्याच वर्षीच्या जानेवारीत वारले होते. ती क्षमा ऐकायला ते नव्हते.

शिक्षक बंधुभगिनींनो, इतिहास म्हणजे केवळ राजांच्या लढाया नव्हेत. गावची पाऊलवाट कोणाच्या पायांनी पडली आणि कोणी राखली, हाही इतिहासच आहे. वाट चालणाऱ्यांनी पडते हे खरे, पण कुंपण आडवे आले की ती वाचते नोंदीमुळे आणि त्या नोंदीसाठी भांडणाऱ्या माणसांमुळे.