क्रीडमूर, १८७४ : तीन गुणांनी हरलेली ठासणीची बंदूक

१/ कोकणातल्या जुन्या घरांत आजही ठासणीची बंदूक दिसते. तोंडाकडून दारू ओतायची, वरून गोळी, मग गजाने ठासायचे. दीडशे वर्षांपूर्वी जगातले सर्वोत्तम नेमबाज हीच पद्धत अचूकतेची परिसीमा मानत होते.

२/ १८७३ मध्ये आयर्लंडच्या संघाने विंबल्डन येथे एल्को शील्ड जिंकली आणि मेजर आर्थर लीच यांनी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रातून अमेरिकेला आव्हान दिले. अंतरे ८००, ९०० आणि १००० यार्ड. अट अशी की अमेरिकनांनी स्वदेशी बनावटीचीच बंदूक वापरावी. आव्हान न्यूयॉर्कच्या अॅमेच्युअर रायफल क्लबने स्वीकारले. सभासदांना हजार यार्डांवर नेम धरण्याचा अनुभव जवळजवळ नव्हता, आणि त्या अंतराची बंदूकही नव्हती.

३/ निवडीचा खरा पेच येथे होता. सैन्यापुरता प्रश्न मिटला होता: ब्रिटनने मार्टिनी-हेन्री, अमेरिकेने स्प्रिंगफिल्ड अशा मागून भरायच्या बंदुका स्वीकारल्या होत्या. परंतु सैनिकाला वेग हवा असतो, स्पर्धकाला एकसारखेपणा. ठासताना गोळी नळीत सरळ आणि प्रत्येक वेळी तशीच बसते, आधीच्या बाराची काजळी खाली ढकलली जाते. डब्लिनच्या रिग्बी बंदुकांची कीर्ती यावरच उभी होती. तोटा एकच: दर बारानंतर नेमबाजाला उठावे लागे आणि जमवलेली बैठक मोडे.

४/ रेमिंग्टन आणि शार्प्स या दोन कारखान्यांनी मागून भरायच्या नव्या लांब पल्ल्याच्या बंदुका घडवल्या. वजन १० पौंडांच्या आत, दुर्बीण वर्ज्य. दस्त्याच्या मानेवर सूक्ष्म मापाची उभी पट्टी, पुढे वाऱ्याचा हिशेब धरणारी माशी. सहा अमेरिकनांपैकी तिघांनी रेमिंग्टन घेतली, तिघांनी शार्प्स. हेपबर्न रेमिंग्टनचा माणूस, येल शार्प्सचा, आणि आयरिश फळीत स्वतः जॉन रिग्बी! कारखानदारांचीच लढत म्हणावी, अशी स्थिती.

५/ २६ सप्टेंबर १८७४, लाँग आयलंडवरील क्रीडमूर. प्रत्येक अंतरावर प्रत्येकी १५ बार, मध्यबिंदूला ४ गुण.
८०० यार्ड: अमेरिका ३२६, आयर्लंड ३१७.
९०० यार्ड: ३१० आणि ३१२.
१००० यार्ड: २९८ आणि ३०२.

६/ अखेरच्या बारापूर्वी आयर्लंड ९३१, अमेरिका ९३०. उरला होता कर्नल जॉन बोडाइन. थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली फुटून त्याचा हात कापला होता. रुमाल गुंडाळलेल्या हाताने त्याने बार काढला: मध्यबिंदू. ९३४ विरुद्ध ९३१.

७/ दुसऱ्या दिवसापासून मागून भरायच्या बंदुकीचा जयजयकार सुरू झाला. आकडे मात्र इतके सरळ बोलत नाहीत. अंतर वाढले तसे ९०० आणि १००० यार्डांवर ठासणीची बंदूकच सरस ठरली. शिवाय आयर्लंडच्या मिल्नरने एक अचूक मध्यबिंदू साधला, तो चुकून शेजारच्या लक्ष्यावर! नियमाप्रमाणे शून्य. ते ४ गुण मिळाले असते तर बेरीज ९३५ झाली असती, आणि त्याच लोकांनी रिग्बीचे पोवाडे गायले असते. बंदुकीची निवड कोणती योग्य, हे त्या सायंकाळी सिद्ध झाले नव्हते. सिद्ध झाले ते एवढेच, की नवी पद्धत जुनीच्या तोडीची आहे.

८/ निर्णायक उत्तर पुढच्या उन्हाळ्यात मिळाले. डब्लिनजवळ डॉलीमाउंट येथे आयरिश संघ पुन्हा ठासणीच्याच बंदुका घेऊन उतरला आणि घरच्या मैदानावर तीसहून अधिक गुणांनी हरला.

९/ तोवर 'क्रीडमूर' हे मैदानाचे नाव बंदुकीच्या प्रतीचे नाव झाले होते. शार्प्सच्या सूचीत क्रमांकानुसार क्रीडमूरच्या वेगवेगळ्या प्रती मिळू लागल्या. वरच्या प्रतीला निवडक अक्रोडाचे लाकूड, बारीक जाळीचे कोरीवकाम, अधिक सूक्ष्म दर्शक. खालच्या प्रतीला साधा दस्ता. नळी मागून बंद करणारी यंत्रणा मात्र दोन्हींत मूलतः तीच होती.