बिनपगारी कामाची कमाई

“पगार नाही, तर काम कशाला?” हा प्रश्न आपल्या घरांत नेहमी ऐकू येतो. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचे चरित्र या दृष्टीने एकदा वाचून पाहा.

निसर्ग-अभ्यासकांची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. लहानपणीच पोरका झालेला सालिम, मामा अमीरुद्दीन तय्यबजींच्या सांगण्यावरून, शिकार केलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन तेथे गेला. मानद चिटणीस मिलार्ड यांनी ती ओळखून दिली, शिवाय पक्ष्यांचा सारा संग्रह उघडून दाखवला. पक्ष्याचे कातडे सोलून त्यात पेंढा कसा भरावा, हेही त्याला तेथेच शिकायला मिळाले. मिलार्डसाहेब पोटासाठी व्यापार करीत. सोसायटीचे काम बिनपगारी, हे विसरू नका!

पुढे विद्यापीठाची पदवी नाही म्हणून सालिम अलींना झूलॉजिकल सर्व्हेत जागा मिळाली नाही. संग्रहालयातील नोकरीही टिकली नाही. तेव्हा अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. तो सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. मग त्यांनी सोसायटीपुढे प्रस्ताव मांडला : संस्थानांनी प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च सोसावा, पक्ष्यांची पाहणी मी विनावेतन करीन. १९३१ साली हैदराबाद संस्थानात काम सुरू झाले, नंतर त्रावणकोरात. त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ मध्ये निघाले. १९५८ साली अलिगढ मुस्लिम विद्यापीठाने या पदवीहीन माणसाला मानद डॉक्टरेट दिली.