गाळण्याचे कापड : काल आणि आज

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'पूर्वीचे जीवन व मूल्ये आणि आजचा काळ' या विषयावर काही लिहावे, असा संपादक मंडळाचा प्रेमळ आग्रह झाला. विषय फार मोठा आहे. त्यावर अधिकारवाणीने लिहिणारे विद्वान समाजात आहेत आणि त्यांचे लेखही या अंकात असतीलच. मी व्यवसायाने कापड व्यापारी. बी.कॉम. झाल्यावर वडिलांच्या दुकानाच्या गादीवर बसलो तो आजतागायत. म्हणून ज्या वस्तूचे मला थोडेफार ज्ञान आहे, तिच्याच आधारे या विषयाकडे पाहावे असे ठरविले. ती वस्तू म्हणजे पाणी गाळण्याचे कापड, आपले गाळणे.

एके काळी जैनांचे घर ओळखण्याच्या दोन खुणा सांगत. त्या घरी दिवस मावळल्यावर चूल पेटत नसे आणि घागरीच्या तोंडाला गाळणे बांधलेले असे. या दोन्ही आचारांना शास्त्राचा आधार आहे. पण त्यांचा इतिहासही आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त श्रावकाचे आठ मूलगुण सांगितले आहेत, ते मद्य, मांस व मधु यांचा त्याग आणि पाच अणुव्रते असे आहेत. त्यांत पाणी गाळण्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. पुढे तेराव्या शतकात माळव्यात राहिलेल्या पंडित आशाधरांनी 'सागार धर्मामृता'त मूलगुणांची आणखी एक यादी नोंदविली. तीत रात्रिभोजनत्याग, जीवदया आणि जलगालन ही तिन्ही आली. म्हणजे शतकानुशतके घरोघरी पाळला जाणारा आचार हळूहळू श्रावकाच्या पायाभूत गुणांत जाऊन बसला. व्रत आधी घरात रुजले आणि नंतर ग्रंथात स्थिर झाले, असे मला वाटते. विद्वानांनी याचा अधिक विचार करावा.

आता कापडाविषयी. परंपरेने गाळण्याचे माप ३६ अंगुळे लांब व २४ अंगुळे रुंद असे सांगितले आहे आणि ते दुहेरी करून वापरावयाचे आहे. कापड इतके घट्ट विणीचे असावे की त्यातून सूर्याचे किरण आरपार दिसू नयेत. आमच्या वडिलांच्या काळी चातुर्मास जवळ आला की आया-बहिणी दुकानात येत आणि 'गाळण्याचे द्या' एवढेच म्हणत. वडील मांजरपाटाचा किंवा जाड खादीचा ठाण उलगडून दुकानाच्या पायरीवर येत, कापड दुहेरी करून उन्हात धरीत आणि गिऱ्हाईकाला स्वतः पाहावयास लावीत. ते कापड ते नफा न धरता देत. नवे कापड लगेच वापरू नका, दोन-चार वेळा धुऊन खळ घालवा, असेही सांगत. यामागे साधे कारण आहे. नव्या कापडाच्या सुताला कांजी असते. ती गेली की सूत फुगते, तंतू मोकळे होतात आणि दोन धाग्यांमधील छिद्र बारीक होते. म्हणून जुने, मऊ झालेले सुती कापड नव्यापेक्षा चांगले गाळते. टेरिकॉट आणि पॉलिस्टरचे तसे नाही. तो धागा पाण्याने फुगत नाही. सत्तरच्या दशकात टेरिकॉटची लाट आली. पुढे जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचे दिवस पालटले. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील यंत्रमागांचा माल दुकानांत अधिकाधिक येऊ लागला. माल स्वस्त झाला, रंगीत झाला. गाळण्यास योग्य असा साधा, घट्ट, निव्वळ सुती मांजरपाट मात्र आज मागवूनच आणावा लागतो.

पाणी गाळणे म्हणजे केवळ कापडातून पाणी ओतणे नव्हे. खरे व्रत त्यापुढे सुरू होई. आमच्या मातोश्री, ज्यांना आम्ही आक्का म्हणत असू, विहिरीवर घागर भरून झाली की गाळणे अलगद सोडवीत. ते पिळत नसत. कापड उलटे धरून त्यावर गाळलेलेच पाणी सोडीत आणि कापडावर राहिलेले सूक्ष्म जीव एका लहान कळशीत उतरवून घेत. यालाच जिवाणी म्हणत. त्या कळशीच्या तळाला एक कडी असे. कडीला दुसरा दोर अडकवून कळशी थेट पाण्याच्या पातळीपर्यंत सोडावयाची आणि तेथे हलकेच उलटी करावयाची. वरून ओतायचे नाही, कारण एवढ्या उंचीवरून पडून ते जीव मरतील. ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत जिवाणी जावी, दुसरीत नाही, कारण एका पाण्यात वाढलेला जीव दुसऱ्या पाण्यात जगेलच असे नाही. एवढे करूनही गाळलेले पाणी एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटेच चालणार. त्यानंतर पुन्हा गाळणे आलेच.

१९७२च्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या विहिरीचा तळ दिसू लागला होता. घागर बुडत नसे, म्हणून आत उतरून वाटीने पाणी भरावे लागे. थेंबाथेंबाचा हिशेब होता. तेव्हाही आक्कांनी जिवाणी पुन्हा त्या तळाच्या डबक्यात पोहोचविणे थांबविले नाही. आमच्या आजीने एकदा विचारलेही, की माणसांनाच पाणी नाही तर हे कशासाठी? आक्का म्हणाल्या, "पाणी आपल्याला नाही तसं त्यांनाही नाही, आत्याबाई." यावर आजी काही बोलल्या नाहीत.

आपल्या व्यासपीठांवरून पुष्कळदा सांगितले जाते की पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव असतात आणि हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. हा आकडा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. हिशेबनिसाच्या स्वभावाने मला तो नेहमी खटकतो. थेंब कोणत्या पाण्याचा, यावर त्यातील जीव अवलंबून असणार. सगळ्या थेंबांना एकच बेरीज कशी लागू पडेल? आपल्या आचाराला असल्या आकड्यांच्या कुबड्यांची गरज नाही, कारण विज्ञानाने जे खरोखर दाखविले आहे ते यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

नारूचे उदाहरण घ्या. आजच्या पिढीला हा रोग ऐकूनही ठाऊक नसेल. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्यांच्या पायांतून हातभर लांबीचा जंत बाहेर पडे. त्याची पिले पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या अगदी बारीक जिवाच्या पोटात वाढत आणि न गाळलेल्या पाण्यावाटे माणसाच्या शरीरात जात. राजस्थान, मध्य प्रदेश, आंध्र, कर्नाटक यांबरोबर आपला महाराष्ट्रही या रोगाने ग्रासलेला होता. १९८३-८४ मध्ये देशात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात पायऱ्यांच्या विहिरी बदलणे आणि घरोघरी पाणी कापडाने गाळावयास लावणे ही प्रमुख कामे होती. या रोगावर लस नव्हती. जुलै १९९६ मध्ये शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. त्या यशात कापडाच्या साध्या तुकड्याचा वाटा फार मोठा आहे.

दुसरे उदाहरण बांगलादेशाचे. डॉ. रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ६५ खेड्यांत पाहणी करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या सुती साडीची निदान चार पदरी घडी करून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले होते. पटकीचे जंतू पाण्यातील बारीक जिवांना चिकटून राहतात आणि ते जीव कापडावर अडकतात, हे त्याचे कारण. जुनी साडी नव्या साडीपेक्षा चांगली, हेही त्यांना आढळले. ते वाचले तेव्हा पायरीवर ठाण घेऊन उभे राहिलेले वडील मला आठवले. काही वर्षांनी त्याच भागात पुन्हा पाहणी झाली, तेव्हा ३१ टक्के स्त्रिया अद्याप पाणी गाळीत होत्या. अर्थात मोकळे फिरणारे जंतू आणि विषाणू कापडाने अडत नाहीत. त्यासाठी पाणी उकळावेच लागते आणि आपल्या परंपरेत उकळलेल्या पाण्याची मर्यादा २४ तासांची सांगितली आहे, ती याला पूरकच आहे. परंतु आपल्या पूर्वजांना जंतूंचे शास्त्र ठाऊक होते, असे मी म्हणणार नाही. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यास पटकीचा जंतू दाखविला तो १८८४ मध्ये. आपले पूर्वज स्वतःच्या आरोग्यासाठी पाणी गाळीत नव्हते. ते पाण्यातल्या जिवासाठी गाळीत होते. आरोग्य त्यांना व्याजासारखे मिळाले.

मग हा आचार सुटला कोठे? माझ्या मते तो श्रद्धा कमी झाल्याने जेवढा सुटला नाही तेवढा नळाने सुटला. मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आले. पुढे हिवतापाच्या डासांमुळे तेथील विहिरी बंद करण्याची मोहीम विसाव्या शतकाच्या आरंभी निघाली, तेव्हा हिंदू आणि पारशी समाजांनी धार्मिक कारणास्तव हरकत घेतली. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी नळ बराच उशिरा आला. नळाला गाळणे बांधता येते आणि अनेक घरांत ते अजूनही बांधलेले दिसते. पण जिवाणी कोठे सोडावयाची? नळातून आलेला जीव नळात परत पाठविता येत नाही. ज्या क्षणी विहीर सुटली त्या क्षणी व्रताचा दुसरा, अधिक कठीण अर्धा भाग गेला, आणि पहिला अर्धा केवळ स्वच्छतेची सवय होऊन राहिला. आता तीही यंत्राकडे गेली आहे. पाणी शुद्ध करणारी आर.ओ. यंत्रे घरोघरी आहेत आणि त्यांची गरज मी नाकारीत नाही. आमच्याही घरी आहे. परंतु यांतील बहुतेक यंत्रे जेवढे पाणी देतात त्याहून अधिक मोरीत सोडून देतात. गाळण्याचा हेतू समोरच्या जिवाचे रक्षण हा होता, यंत्राचा हेतू आपले स्वतःचे रक्षण हा आहे. दोन्हींतून पाणी स्वच्छच मिळते, हे खरे. आपल्या धर्मसभांतही मंडप रिकामा झाल्यावर खुर्च्यांखाली अर्ध्या प्यालेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या पडलेल्या असतात. ते पाणी कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही.

रात्रिभोजनाचेही असेच झाले. पूर्वी बाजारपेठ दिवेलागणीला मिटत असे, म्हणून व्यापाऱ्याला नियम पाळणे सोपे होते. आज गिऱ्हाईक सहानंतरच येते. पेठेतील दोघा-तिघांचा डबा साडेपाचला दुकानात येतो, आणि त्यांचे मला कौतुक वाटते.

तथापि पूर्वीचे सगळेच सोन्याचे होते असे म्हणून मी हा लेख लिहीत नाही. पाणी ओढणे, गाळणे, जिवाणी सोडणे हे सारे श्रम घरच्या सुनांचे होते. पुरुषांच्या वाट्याला व्रताचे पुण्य येई आणि दोर ओढून पडलेले घट्टे स्त्रियांच्या हाताला. दुसरी गोष्ट लिहिणे अवघड आहे, पण लिहिली पाहिजे. ज्या विहिरीत आपण डोळ्यांना न दिसणारा जीव इतक्या जपून परत सोडीत होतो, त्या विहिरीवर गावातील काही माणसांना दोर टाकू दिला जात नव्हता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ला करावा लागला, तो याच महाराष्ट्रात. आपल्याच समाजात कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले, कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेले आणि १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी, अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून लहान वयात विहिरीचा रहाट मोडून टाकल्याची हकिगत त्यांच्या चरित्रात येते. त्या दिवशी जीवदया कोणाच्या बाजूला होती, हे सांगावयास नको. आज नळावर अशी अडवणूक पुष्कळ कमी झाली आहे. नव्या काळाने आपल्याकडून जे घेतले त्याच्या हिशेबात ही जमाही धरली पाहिजे. एकतर्फी वही कोणताही व्यापारी ठेवीत नाही.

भगवान महावीरांचा २५००वा निर्वाण महोत्सव १९७४-७५ मध्ये देशभर साजरा झाला. त्याच भारलेल्या वातावरणात आपल्या न्यासाची कल्पना पुढे आली, हे ज्येष्ठ मंडळींना स्मरत असेल. तेव्हा आमच्या पेठेत तीन विहिरी वापरात होत्या. एक बुजवून तेथे आता वाहने उभी राहतात. दुसरीवर सिमेंटची फरशी घातली आहे. मंदिरामागची तिसरी मात्र शिल्लक आहे आणि ती राहण्याचे कारण एकच, मुनिसंघाच्या आहारासाठी विहिरीचेच पाणी लागते. संघ येणार असे कळले की विहीर आठवते. गेल्या चातुर्मासापूर्वी तरुण मंडळींनी तिच्यातला गाळ काढला, कठड्याची डागडुजी केली, नवा दोर आणला. दुकानातून मांजरपाटाचा एक ठाण गेला, त्याचे पैसे मी घेतले नाहीत.

चौका लावणाऱ्या सुनांपैकी निम्म्या जणींनी जिवाणी कधी पाहिलीच नव्हती. तळाला कडी असलेली कळशी बाजारात मिळेना, तेव्हा एका जुन्या घराच्या माळ्यावरून हिरवी पडलेली एक तांब्याची कळशी निघाली. तांबटाकडून तिला कल्हई करून घेतली आणि आमच्या धाकट्या वहिनींनी पहिल्या दिवशी ती विहिरीत सोडून दाखविली. दोन वेळा कळशी पाण्याला लागण्यापूर्वीच कलंडली. तिसऱ्या वेळी ती नीट उलटली. नंतर पूर्ण चार महिने रोज पहाटे तेथे पाळीने दोन-दोन मुली असत. संघाचा विहार झाल्यावर कळशी मंदिराच्या भांडारात ठेवली आहे. मांजरपाटाचा थोडा ठाण दुकानात शिल्लक आहे. कोणाला हवा असल्यास धुऊन, खळ काढून देण्याची व्यवस्था केली आहे.