कामठीपासून गंगा-जमुनेपर्यंत : दोष कोणाच्या पदरी?

वरठीच्या भंडारा रोड स्थानकावर नागपूरची गाडी धरली, की कन्हान नदी ओलांडताच कामठी येते आणि थोड्याच वेळात इतवारी. या लहानशा प्रवासात एका जुन्या दुःखाचा दीडशे वर्षांचा इतिहास खिडकीबाहेरून निघून जातो. सहसा तो कोणी पाहत नाही. इतवारीच्या परिसरात 'गंगा-जमुना' या नावाने ओळखली जाणारी वेश्यावस्ती आहे. ऑगस्ट 2021 मध्ये नागपूर पोलिसांनी ती नाकेबंदी करून बंद केली, तेव्हा "बरे झाले, घाण गेली" असे उद्गार आमच्या कानी आले. आम्हीही मान डोलावली. पुढे त्याच वस्तीतील स्त्रिया ज्वाला धोटे यांच्यासह रस्त्यावर उतरल्या. त्यांचा प्रश्न साधा होता : आम्ही जावे कोठे? त्या प्रश्नापुढे आमच्या त्या मान डोलावण्याची आम्हांला खंत वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

या विषयावर आज दोन मते हिरिरीने मांडली जातात. एक म्हणते, हा स्त्रीवरील अत्याचारच होय. दुसरे म्हणते, हे श्रम आहेत आणि त्यांत स्त्रीला स्वतःचे बळ सापडते. सांगली भागात 1996 साली या स्त्रियांनी स्वतःच 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभारली. आपल्याविषयी इतरांनी परस्पर निर्णय घेऊ नयेत, हा त्यांचा आग्रह आहे. कोणते मत खरे, हे ठरविण्यापूर्वी इतिहासाला विचारून पाहावे.

कामठीची छावणी 1821 साली वसली. इंग्रजी अमदानीत अशा छावण्यांतील गोऱ्या शिपायांमध्ये गुप्तरोग फैलावू लागले, तेव्हा 1864 च्या छावणी कायद्याने त्यावर उपाय योजला. तो कोणता? छावणीतील स्त्रियांची नावे नोंदवावयाची, ठरावीक मुदतीने त्यांची शारीरिक तपासणी करावयाची आणि रोग आढळल्यास त्यांना इस्पितळात कोंडावयाचे. 1868 च्या कायद्याने हीच पद्धत मोठ्या शहरांत आणली. मुंबईत ती 1870 साली लागू झाली. शिपायाचे नाव मात्र अशा कोणत्याही वहीत नोंदले गेले नाही. रोग दोघांचा, शिक्षा एकीला! इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर या धर्मनिष्ठ स्त्रीने 1869 पासून या दुटप्पी न्यायाविरुद्ध रान उठविले. अखेर 1888 साली ब्रिटिश संसदेने ठराव केला आणि हिंदुस्थानातील ते कायदे मागे घ्यावे लागले.

कायदा गेला, कुंटणखाने राहिले. 1917 साली मुंबईच्या डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात अक्कूताई नावाची स्त्री छळ होऊन मरण पावली. तिचा अपराध एवढाच, की तिने पळून जाण्याचा प्रयत्न केला होता. या प्रकरणाने मुंबई हादरली आणि 1923 चा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा होण्यास त्याचाही हातभार लागला. या धंद्यात स्त्रीला बळ मिळते असे म्हणणाऱ्यांनी अक्कूताईला विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर 1956 चा कायदा आला. 1986 मध्ये त्याला आजचे 'अनैतिक व्यापार प्रतिबंध' हे नाव मिळाले. त्याचा रोख दलाल व कुंटणखान्याचे चालक यांच्यावर आहे. या कायद्याने शरीरविक्रय हा स्वतः गुन्हा ठरत नाही. तरीही छाप्यात स्त्रियाच पकडल्या जातात आणि 'सुटके'नंतर वसतिगृहात अडकून पडतात. सप्टेंबर 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा तीन सज्ञान स्त्रियांना, त्यांच्या इच्छेविरुद्ध ठेवता येणार नाही असे सांगून, मुक्त केले. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले, की या स्त्रियांना सन्मानाने वागवावे आणि केवळ आई या व्यवसायात आहे म्हणून तिचे मूल तिच्यापासून तोडू नये.

आता आपल्या घराकडे वळू. ख्रिस्तसभेचा इतिहासही येथे निष्कलंक नाही. वेश्या नाहीशा केल्या तर वासना सारे उलथून टाकील, असे तरुण संत ऑगस्तीन यांनी लिहिले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी त्याचा आधार घेतला. समाजाच्या सोयीसाठी एका स्त्रीने गटार व्हावे, असाच त्याचा अर्थ पुढे लावला गेला. आयर्लंडमध्ये धर्मभगिनींनी चालविलेल्या मॅग्डलीन गृहांत 'पतित' म्हणून आणलेल्या मुलींकडून वर्षानुवर्षे विनावेतन धुणे धुऊन घेतले गेले. त्यांतील शेवटचे गृह 1996 मध्ये बंद झाले आणि 2013 मध्ये तेथील पंतप्रधानांनी देशाच्या वतीने क्षमा मागितली. दयेच्या नावाने तुरुंग बांधता येतो, हे आम्ही धर्मगुरूंनी विशेष लक्षात ठेवावे.

मात्र 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने वेश्याव्यवसाय व स्त्रियांची विक्री यांची गणना गुलामगिरीबरोबर केली. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात आधी दाम मोजणाऱ्याच्या गंभीर पापाकडे बोट दाखविले आहे आणि दारिद्र्य, धाकदपटशा व सामाजिक दडपण यांमुळे स्त्रीचा दोष उणा होऊ शकतो, असे म्हटले आहे.

म्हणून आमचे मत असे. शरीराचा बाजार मांडणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला बाधकच आहे. इतर सर्व दारे बंद असताना उघडे राहिलेले एकच दार म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. परंतु तिच्या मुखातला घास काढून, तिला हुसकावून, तिचे म्हणणे न ऐकता केलेली सुधारणा हा दुसरा अन्याय होय. आधी दुसरे दार उघडावे. मग तिने कोणत्या दाराने यावे, हे तिलाच ठरवू द्यावे.

आणि हे काम दूरचे नाही. धानाचा हंगाम सरला, की आपल्या स्थानकावरून कामासाठी परगावी जाणारी कुटुंबे गाड्या धरतात. एकट्या मुलीला 'नोकरी लावून देतो' म्हणून कोणी नेत असेल, तर पत्ता व मालकाचे नाव विचारणे हे आपले कर्तव्य आहे. अल्पवयीन मुलीविषयी शंका आल्यास 1098 हा क्रमांक फिरवावा. अशा आईचे मूल आपल्या शाळेच्या दाराशी आले, तर वडिलांचे नाव विचारून त्याला परतवू नये. आणि आपल्या मुलग्यांना घरातच शिकवावे, की पैशाने माणूस विकत घेता येत नाही.

योहानकृत शुभवर्तमानात व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीला प्रभू येशूपुढे उभे केले आहे. तिच्याबरोबरचा पुरुष तेथे नव्हता. त्याला कोणी आणलेच नव्हते. प्रभूने धोंडे घेतलेल्या हातांना आधी स्वतःकडे पाहावयास लावले, तिला दोषी ठरविले नाही आणि नव्या जीवनाकडे पाठविले. इतवारीवरून गाडी जाईल तेव्हा आपल्या हाती धोंडा आहे काय, एवढे तरी आपण पाहू या.