अंजनी

अंजनी : सह्याद्रीतील सदाहरित, निळ्या फुलांचे व मृदुफळे धरणारे शोभिवंत झुडूप किंवा लहान वृक्ष (मेमेसिलॉन अंबेलॅटम, कुल मेलॅस्टोमेसी). मूलस्थान पश्चिम घाट, दक्षिण भारत व श्रीलंका. नेरळलगतच्या माथेरानच्या पठारावर विपुल. पाने समोरासमोर, चिवट, तुकतुकीत. उन्हाळ्याच्या सुमारास पानांच्या बगलेत व जुन्या, पर्णहीन फांद्यांवर गर्द निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात. बहरातील झुडपाइतका गडद निळा रंग या रानात क्वचितच दिसतो. पाकळ्या ४, केसरदले ८. फळ वाटाण्याएवढे, गोल, शेंड्यावर संवर्ताचे कडे असलेले; पिकल्यावर काळे-जांभळे (→ मृदुफळ). बुलबुलांसारखे पक्षी ते खातात व बीजप्रसार करतात (→ बुलबुल). पानांपासून पिवळा रंग मिळतो, लाकूड कठीण. वाढ मंद असल्याने छोट्या बागेस सोयीचे. लागवड ताज्या बियांपासून करतात.